बिनमिठाचं अंटार्क्टिका

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, अंटार्क्टिकाच्या बर्फावर हवामानाचे जे आकडे नोंदले गेले, त्यांतल्या काहींमागे टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका मराठी स्वयंपाकघराचा हात आहे. या घटनेची दखल कोणत्याही शास्त्रीय नियतकालिकाने घेतलेली नाही. ध्रुवीय मोहिमांच्या इतिहासात मुगाच्या बिनमिठाच्या खिचडीचा उल्लेख सापडत नाही. शाल, श्रीफळ, मानपत्र यांपैकी काहीही आमच्या घरी आजतागायत पोचलेलं नाही. तेव्हा हे काम, दुसरं कोणी करत नाही म्हणून, नाइलाजाने मलाच करावं लागत आहे.

त्या वर्षांत पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरवाल्यांची विमानंच्या विमानं टोकियोत उतरत होती. शनिवारी फुनाबोरीच्या बागेत दहा मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न असायचा, "प्रोजेक्ट कशात?" उत्तरं ठरलेली. बँकिंग, इन्शुरन्स, मोबाइल. मी म्हणायचो, "बर्फ." त्यावर पुढचा प्रश्न यायचा, "आइस्क्रीमची कंपनी का रे?"

आइस्क्रीमची नव्हती. योकोहामातली ती लहानशी कंपनी माणूस राहू शकत नाही अशा ठिकाणी उभी करायची हवामान केंद्रं बनवायची. केंद्र म्हणजे काय, तर एक खांब. त्याच्या टोकाला वारा मोजणारी भिरभिरी, खाली तापमापक, बाजूला सूर्यप्रकाशावर चालणारी पट्टी, बर्फात पुरलेली बॅटरीची पेटी, आणि या सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेऊन उपग्रहाकडे पाठवणारा एक डबा. उपग्रह ते योकोहामाला सांगायचा आणि योकोहामात ते माझ्या स्क्रीनवर उमटायचं. सोयीचं काम. अंटार्क्टिकाच्या वादळाचा वेग मी हातात कॉफी घेऊन, पायात ऑफिसच्या सपाता घालून वाचत असे.

पण खांबाला कळत नाही की आपल्याला एकटं राहायचं आहे. बर्फ दरवर्षी वर चढतो आणि खांब तेवढा बुटका होतो. भिरभिरी गोठते, तारा सैल पडतात, बॅटरी म्हातारी होते. म्हणून दरवर्षी तिकडच्या उन्हाळ्यात कोणीतरी जाऊन प्रत्येक केंद्राची विचारपूस करावी लागते. आमच्याकडे हे कोणीतरी म्हणजे शुनिन.

शुनिन हे नाव नाही, हुद्दा आहे. जपानी ऑफिसात वरिष्ठाला हुद्द्याने हाक मारतात, त्यामुळे त्यांचं नाव मला कधी उच्चारावं लागलं नाही आणि आजही उच्चारणार नाही. साठीला टेकलेला, बुटका, गोल माणूस. बर्फावरच्या उन्हाने चेहरा तांब्यासारखा रापलेला आणि गॉगलच्या जागी डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. अंधाऱ्या कॉरिडॉरमधून ते चालत आले की आधी ती वर्तुळं यायची, मग शुनिन.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी त्यांच्याच कामाचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. बर्फावर गेल्यावर लॅपटॉप डब्याला जोडायचा आणि वर्षभराचे आकडे काढून घ्यायचे. मला त्याचा फार अभिमान होता. शुनिननी पिशवीतून हातमोजे काढले. एकेक मोजा म्हणजे तान्ह्या बाळाची दुलई. ते शांतपणे हातात चढवले आणि एक बटण दाबलं. म्हणजे एक दाबायला गेले आणि पाच दबली. स्क्रीनवर चौकट उगवली : तुमची खात्री आहे का?

शुनिननी स्क्रीनला वाकून नमस्कार केला आणि आदराने विचारलं, "खात्री नसती तर मी इथवर आलो असतो का?"

दुसरी चौकट उगवली : केलेले बदल साठवायचे आहेत का?

"नको, नको," शुनिन म्हणाले. "तुम्हाला त्रास होत असेल तर आलो तसाच परत जातो. चौदा हजार किलोमीटर तर आहे."

सगळं ऑफिस आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसून थरथरत होतं. त्या संध्याकाळी मी तेवीस चौकटी मारल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या सॉफ्टवेअरला तीनच बटणं होती आणि प्रत्येक बटण थालीपीठाएवढं होतं. शुनिननी हातमोज्यांसकट ती दाबून पाहिली आणि म्हणाले, "छान. आता हे माणसांसाठी झालं."

माझं आडनाव त्यांनी एकदाच घेतलं. मग मला बाजूला नेऊन म्हणाले, "सुंदर आडनाव आहे. पण ते म्हणताना तोंड फार वेळ उघडं राहतं. बर्फावर ते बरं नाही. तुम्ही कुठले?"

"पुण्याचा."

"पुणे-सान," ते म्हणाले. "ओठ जवळजवळ मिटलेले राहतात. उत्तम." तेव्हापासून मी अख्ख्या कंपनीत पुणे-सान, म्हणजे पुणेराव.

शुनिनच्या तऱ्हा सांगायला बसलो तर कोणती आधी सांगू? त्यांच्यासमोर "आज थंडी आहे" असं म्हणायची सोय नव्हती. जपानात लिफ्टमध्ये याशिवाय दुसरं बोलतच नाहीत. पण शुनिन मनापासून विचारायचे, "कशाच्या मानाने?" समोरचा गोंधळायचा. "म्हणजे... कालच्या मानाने." "काल किती वाजता?" तोवर मजला यायचा. लोक जिन्याने जाऊ लागले. शुनिनना वाटे, व्यायामाची आवड वाढतेय.

त्यांनी ऑफिसच्या एसीला टिश्यू पेपरची पट्टी बांधली होती आणि तिच्या फडफडीवरून ते बसायची जागा बदलत. जेवायचे गच्चीवर, भर फेब्रुवारीतसुद्धा, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून. कचऱ्याच्या डब्यांपाशी तर ते हुकूमशहाच. अंटार्क्टिकात नेलेली प्रत्येक गोष्ट परत आणावी लागते, अगदी सुतळीचा तुकडासुद्धा, त्यामुळे त्यांना फेकणं ठाऊकच नव्हतं. जपानी माणूस कचरा वेगळा करतो हे आपण ऐकतो. शुनिन संपलेल्या पेनाचे चार भाग करून चार डब्यांत टाकायचे आणि स्प्रिंग खिशात ठेवायचे. "स्प्रिंगला अजून काही झालेलं नाही."

आणि बोट दाखवणं! आगगाडीचे चालक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने "योश!" म्हणतात, म्हणजे पाहिलं, ठीक आहे. कारखान्यांतही म्हणतात. शुनिन सगळ्यालाच म्हणत. दिवा, बंद, योश. छत्री, घेतली, योश. एकदा साहेबांच्या केबिनमधून चांगलीच बोलणी खाऊन ते बाहेर आले, दाराकडे वळले, ताठ उभे राहिले आणि बोट रोखून म्हणाले, "राग, संपला, योश." आतून साहेबांचं हसू ऐकू आलं.

केंद्रांना त्यांनी नावं मात्र ठेवू दिली नाहीत. कोणीतरी पेंग्विनांची गोड गोड नावं सुचवली होती. शुनिन म्हणाले, "नाव दिलं की आपण लाड करतो. चुकीचा आकडा आला तरी म्हणतो, जाऊ दे, थकली असेल बिचारी." म्हणून नुसतं पहिलं, दुसरं, आणि सगळ्यांत आत, किनाऱ्यापासून सगळ्यांत लांब असलेलं, ते शेवटचं केंद्र.

आता मुद्द्यावर येतो.

शेवटचं केंद्र बुडत होतं. खांबावर खाली तोंड करून एक यंत्र असतं, ते बर्फ किती जवळ आला ते मोजतं. तो आकडा रोज सकाळी माझ्या स्क्रीनवर यायचा आणि दर महिन्याला लहान होत चाललेला दिसायचा. येत्या उन्हाळ्यात जाऊन खांब उंच केला नाही तर पुढच्या हिवाळ्यात केंद्र बर्फाखाली जाणार हे कोणालाही कळत होतं. शुनिन पुढच्या वसंतात निवृत्त होणार होते. म्हणजे त्यांची ही शेवटचीच फेरी. आणि मोहिमेची वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कागदावर लिहिलं : रक्तदाब जास्त. एका महिन्याने पुन्हा तपासू. तेव्हाही जास्त असेल तर जाता येणार नाही.

साहेबांनी मीटिंग बोलावली. भराभर जपानीत बरंच बोलले. सगळे माना डोलावत होते, म्हणून मीही डोलावली. जपानी मीटिंगमध्ये नुकत्याच आलेल्या माणसाने आणखी काय करायचं? संध्याकाळी गाडीत बसल्यावर मीटिंगची ईमेल वाचली. शुनिन नापास झाले तर त्यांच्या जागी राखीव म्हणून तो डबा समजणारा दुसरा माणूस जाईल, आणि त्या माणसाने मीटिंगमध्ये आनंदाने होकार दिलेला आहे. तो माणूस मी होतो.

घरी सांगितलं. मंजिरी, म्हणजे माझी बायको, पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"तू?"

"हो."

"अंटार्क्टिकाला?"

"राखीव म्हणून."

"अरे, तू आंघोळ करून बाहेर येताना 'पंखा बंद कर' म्हणून ओरडतोस! आई अजून पुण्याहून तुझ्यासाठी माकडटोप्या पाठवतात! तुला तिथे काय गोठायला नेणारेत?"

"मी कुठे म्हणतोय जातो म्हणून? शुनिन पास झाले की प्रश्नच मिटला."

"मग होत का नाहीत ते पास?"

"ब्लड प्रेशर."

"खातात काय?"

मी सांगितलं. भातावर खारवलेलं आंबट फळ, रोज. सूप दोन वेळा. दुपारी कधी रामेन, म्हणजे खारट सुपातल्या शेवया, खाल्लं तर वाडगा तोंडाला लावून खालचं सगळं पाणी पिऊन टाकतात, कारण उरवणं त्यांना जमत नाही. मंजिरी तेव्हा एका सुपरमार्केटच्या स्वयंपाकघरात आरुबाइतो करायची, म्हणजे दिवसाचे काही तास कामाला जायची. तयार डबे भरायचं काम. तिथल्या बायकांत राहून तिचं जपानी माझ्या दुप्पट चांगलं झालं होतं आणि त्या पदार्थांत काय किती पडतं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मीठ," तिने निकाल दिला. "उद्यापासून त्यांचा डबा मी देते. आणि त्यांना सांग, बाहेरचा एक घास खाल्लात तर गाठ माझ्याशी आहे."

दुसऱ्या दिवशी शुनिननी तो डबा दोन्ही हातांनी, वाकून, पदक घ्यावं तसा घेतला. गच्चीवर टाकीच्या आडोशाला आम्ही दोघं बसलो. त्यांनी खिचडीचा घास घेतला. मग डब्यात वाकून पाहिलं.

"पुणे-सान, यात काहीतरी नाही."

"मीठ नाही, शुनिन."

"नसलेली गोष्ट इतकी स्पष्ट ऐकू येते," ते म्हणाले, "हे मला फक्त बर्फावर ठाऊक होतं." आणि डबा चाटूनपुसून संपवला, कारण उरवणं त्यांना जमत नव्हतं.

मग मंजिरी पेटलीच. कधी लसणाची फोडणी, कधी कोकम, कधी भाजलेले तीळ कुटून, कधी नुसतं लिंबू आणि मिरं. मीठ सोडून जगात जे जे चवीला असतं ते सगळं एकेक करून अंटार्क्टिकाच्या सेवेत रुजू झालं. आमच्या घरातलंही मीठ गेलं, कारण दोन वेगळ्या भाज्या करायला तिला वेळ नव्हता. मी एकदा कुरकुर केली तर म्हणाली, "तिथे पेंग्विनांबरोबर राहशील तेव्हा खा मीठ."

एका रविवारी शुनिन आभार मानायला घरी आले. दारातच चपलांकडे बोट दाखवून योश म्हणाले. मंजिरीने त्यांना शुनिनकाका म्हटलं. त्यांनी अर्थ विचारला.

"वडिलांचा भाऊ," ती म्हणाली.

"म्हणजे घरातलाच माणूस."

"हो तर!"

"मग," शुनिन ओट्यावरच्या आंब्याच्या लोणच्याच्या बरणीकडे डोळे लावून म्हणाले, "घरातल्या माणसाला ते काय आहे ते चाखायला मिळत असेल."

"परक्या पाहुण्याला मिळालं असतं. काकांना नाही."

शुनिननी दीर्घ श्वास घेतला. बरणीकडे बोट रोखलं. "बरणी, बंद," ते म्हणाले. पुढचं योश काही त्यांच्या तोंडून फुटलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो. सायकलींच्या गर्दीतून वाट काढत ते एरवी बोलत नाहीत तसं बोलले. "बाकीची केंद्रं कोणीही सांभाळेल. ते शेवटचं मी उभं केलं. तेव्हा वरची भिरभिरी दुरुस्त करायला मला शिडी लागायची. मागच्या वेळी उभ्या उभ्या हात पोचला."

"पुढच्या वर्षी दुसरं कोणी जाईलच की."

"पुढच्या वर्षी ते खाली असेल. खाली गेलेलं कोणी खणत बसत नाही, पुणे-सान. नवं उभं करतात, दुसरीकडे. त्यात चूक काही नाही." थोडं चालून म्हणाले, "बर्फाखाली गेल्यावरही ते काही दिवस आकडे पाठवत राहतं. पण ते नुसते बर्फाचे असतात. बाहेर काय चाललंय ते त्याला कळत नाही आणि आपल्याला कळत नाहीये हेही त्याला कळत नाही." मग गाडी आली. तिच्याकडे बोट दाखवून ते आत शिरले.

इकडे राखीव माणसाचं शिक्षणही नियमाने चालू होतं. योकोहामाच्या बंदराजवळ ट्यूना मासे ठेवायचं एक शीतगृह आहे. अंटार्क्टिकातला उन्हाळा त्याच्यापुढे उबदार म्हणायचा. तिथला व्यवस्थापक शुनिनचा शाळासोबती. शुनिन आपली यंत्रं त्या माशांच्या शेजारी ठेवून तपासत आणि आता मलाही तपासायला घेऊन गेले. मी अंगावर असतील नसतील ते सगळे कपडे चढवले होते आणि सगळ्यांत वर आईने पाठवलेली तपकिरी माकडटोपी. शुनिननी ती टोपी सगळ्या बाजूंनी पाहिली.

"हे कोणी बनवलं?"

"पुण्यात मिळते. डिसेंबरात लोक पहाटे फिरायला घालून जातात."

"पुण्यात डिसेंबरच्या पहाटे किती असतं?"

मी सांगितलं. शुनिननी टोपी माझ्या कानांवर नीट ओढून दिली. मग अतिशय हळुवारपणे म्हणाले, "सावध लोक आहेत."

आत लाकडाच्या ओंडक्यांसारखे मासे रचलेले. श्वास घेतला की नाकात काहीतरी कुरकुरायचं. मला जाड मोज्यांनी एक वायर एका खाचेत बसवायची होती. घरी जेवणाच्या टेबलावर मी ते डोळे मिटून केलं होतं. इथे वायर काठीसारखी ताठ झाली, बोटं कुठे संपतात ते कळेना, आणि मी सवयीने एक मोजा काढायला गेलो. शुनिननी माझं मनगट धरलं. रागावले नाहीत. म्हणाले, "हात काढावासा वाटला की काम थांबवायचं. हात नाही काढायचा. काम तिथेच आहे, कुठे जात नाही. तुम्ही एक फेरी मारून या."

मी माशांना एक प्रदक्षिणा घालून आलो. वायर बसली नाही. आणखी एक घातली. मग बसली. बाहेर आल्यावर मला एवढा आनंद झाला की मी मंजिरीला फोन केला. पलीकडून थंड आवाज आला, "जमलं? आता ते जमतंय असं ऑफिसात कोणाला सांगू नकोस."

महिना संपला. फेरतपासणीचा दिवस आला. राखीव म्हणून माझीही तपासणी त्याच सकाळी होती आणि पोटातल्या अवयवांची जपानी नावं मला येत नसल्यामुळे मंजिरी दुभाषी म्हणून बरोबर. खरं कारण तिने गाडीत सांगितलं : "तुमच्या दोघांवर माझा विश्वास नाही. वाटेत ते काहीतरी खारट खातील आणि तू बघत बसशील."

डॉक्टरीणबाई म्हणजे ज्यांच्या चेहऱ्यावर ऋतू बदलत नाहीत अशा. आधी मला बसवलं. दंडाला पट्टा बांधला. माझा रक्तदाब इतका उत्तम निघाला की मंजिरीने माझ्याकडे गद्दाराकडे पाहावं तसं पाहिलं.

मग शुनिन बसले. घरच्या यंत्रावर त्यांचा आकडा गेले पंधरा दिवस गुणी मुलासारखा वागत होता. ते तो मंजिरीला रोज फोनवर कळवत होते. पण वादळात तंबू उडाला तरी ज्याचा चहा सांडला नव्हता, तो माणूस पांढऱ्या कोटासमोर लहान पोरासारखा ताठ झाला. यंत्र वाजलं. बाईंनी आकडा पाहिला आणि मान हलवली. जास्त.

"पाच मिनिटं बसा. पुन्हा घेऊ." पुन्हा घेतला. आणखी जास्त.

मंजिरीने माझा हात इतका घट्ट धरला की मला अंटार्क्टिका स्पष्ट दिसू लागलं. शुनिन खाली पाहत होते. डोळ्यांभोवतीची ती वर्तुळं पहिल्यांदाच चेहऱ्यापेक्षा जास्त पांढरी वाटली नाहीत.

"एकदा आणखी," बाई म्हणाल्या. "यानंतर जो येईल तो मी लिहीन. डोळे मिटा. एखादी शांत जागा आठवा. बाग, समुद्रकिनारा, काहीही. मनातल्या मनात तिथे जा."

शुनिननी डोळे मिटले. "मनातल्या मनात जमत नाही," ते म्हणाले. "बोलून चालेल?"

"मोजताना बोलायचं नाही. तोवर बोला. हळू. मी खूण केली की गप्प व्हायचं."

आणि शुनिन बोलू लागले.

"गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला थांबवतो. लांबच. गाडीच्या आडोशाला बर्फ साचतो, तो केंद्रापाशी साचायला नको. इंजिन बंद करतो. दार उघडतो, पण लगेच उतरत नाही. आधी ऐकतो. भिरभिरी फिरतेय का? फिरतेय. एका बाजूला जराशी अडखळते, पण फिरतेय. उतरतो. बर्फ कोरडा आहे, पायाखाली वाजतो. चालत जातो. शेवटची थोडी पावलं सावकाश. हात लावत नाही. वर्षभर इथे कोणी आलेलं नाही. जे आहे ते जसंच्या तसं आधी डोळ्यांनी घ्यायचं. खांबाच्या एका अंगाला दव गोठलंय, पिसांसारखं. सगळी पिसं वाऱ्याकडे तोंड करून. एक तार सैल आहे. पट्टीवर बर्फाचा हलका थर. मी वाकतो आणि म्हणतो, फार दमलात, आभारी आहे."

बाईंनी लिहायचं पेन खाली ठेवलं.

"मग फावडं घेतो. घाई नाही. घाम येऊ द्यायचा नाही, कारण घाम म्हणजे थोड्या वेळाने अंगावरचा बर्फ. चार फावडी, आणि एक श्वास. चार फावडी, आणि एक श्वास. सूर्य खाली जात नाही, नुसता बाजूबाजूने फिरतो, त्यामुळे खांबाची सावलीच मला वेळ सांगते. सावली खड्ड्याच्या कडेवर येते तेव्हा पेटीचं झाकण दिसतं. हाताने बर्फ बाजूला करतो. झाकणाला चार स्क्रू. पाना काढतो. पहिला स्क्रू फिरतो, निघतो. तो ओठांत धरायचा नाही, चिकटतो. खिशात टाकतो. खिशाची चेन लावतो. दुसरा. तोही खिशात. बर्फात पडलेला स्क्रू कोणाला कधी सापडलेला नाही. तिसरा कुरकुरतो. मी थांबतो. तोही थांबतो. मग दोघंही मिळून हलतो. निघतो."

नर्स दारात येऊन उभी राहिली होती. बाईंनी तिला हातानेच थांब म्हटलं.

"चौथा हलत नाही. मागच्या वेळी मीच तो जास्त आवळला होता, वारा सुटला होता म्हणून. आता त्याचं तोंड झिजलंय. पाना बसतोय, पण पुरता नाही. जोर लावला तर निघेल, किंवा तोंड जाईल. तोंड गेलं तर हे झाकण उघडणार नाही. पुन्हा वारा सुटतोय. गाडीतले लोक हाक मारतायत, चला म्हणून. मी वळून पाहत नाही. पाना खाली ठेवतो. स्क्रूवर तळहात ठेवतो. नुसता ठेवतो..."

बाई दचकल्या, आपण इथे कशासाठी बसलोय ते आठवल्यासारख्या. त्यांनी यंत्राचं बटण दाबलं आणि ओठांवर बोट ठेवलं. शुनिनना ते दिसलं नाही, पण त्यांना पट्टा फुगताना जाणवला आणि ते आज्ञाधारकपणे गप्प झाले. त्यांचा उजवा तळहात मांडीवर उपडा होता, काहीतरी ऊब देत असल्यासारखा. यंत्र घुमलं. घुमत राहिलं. पट्टा हळूहळू सैल झाला. खोलीतला एकही माणूस श्वास घेत नव्हता, शुनिन सोडून. ते अगदी सावकाश घेत होते.

यंत्र वाजलं. बाईंनी आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि परत पाहिला. मग कागद पुढे ओढला.

"मर्यादेच्या आत," त्या म्हणाल्या. "जायला हरकत नाही."

शुनिननी डोळे उघडले. आपण कुठे आहोत ते त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि ते उठून, दंडाला पट्टा तसाच लोंबकळत असताना, बाईंना, नर्सला आणि त्या यंत्राला वाकून नमस्कार करू लागले. मी मंजिरीकडे वळलो. जिने या एका वाक्यासाठी महिनाभर घरातलं मीठ बंद केलं होतं, तिचा आनंद मला बघायचा होता. मंजिरी खुर्चीच्या काठावर आली होती, दोन्ही मुठी आवळून, आणि त्या शांत जपानी दवाखान्यात ती खणखणीत मराठीत ओरडली :

"अहो काका, ते ब्लड प्रेशर गेलं खड्ड्यात! चौथा स्क्रू निघाला की नाही ते आधी सांगा!"